ओटीपी कुठे येणार? बेळगाव ते अथणी, पाच दिवसांचा फेरा

जुलैमध्ये बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं म्हणजे पावसातून उन्हात जायचं. खानापुरात कौलांवरची धार तुटत नाही, निपाणीत सरीवर सर येते, आणि अथणीत शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. जुलै २०२५ मधला हा फेरा परदेशी शिकायला निघालेल्या मुलांसाठी होता, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांसाठी. आमच्यापैकी एकाचं काम बँकेच्या परकीय चलन विभागातलं, दुसरीचं संगणक सुरक्षेतलं. मुलं ऑगस्ट ते ऑक्टोबरात विमानात बसतात. त्याआधीचे सहा आठवडे सर्वांत धोक्याचे. घरातली मोठी रक्कम याच काळात हलते, कागदपत्रं दहा ठिकाणी जातात आणि सगळ्यांना घाई असते.

प्रश्न जर्मनी-इंग्लंडातले असतील असं वाटलं होतं. पाचही दिवस निघाले ते गावातल्या फोनचे.

दिवस पहिला : बेळगाव

बुरबुर पावसात सेंट्रल बसस्टँडवरून टिळकवाडीत आलो. पहिला मुक्काम ठरवूनच एका झेरॉक्सच्या दुकानात होता, कारण परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलाची फाइल अशाच कुठल्यातरी दुकानातून जाते. दुकानदार भला माणूस. चहा मागवला आणि त्यानंच संगणक आमच्याकडे वळवला. डाउनलोडच्या फोल्डरात पासपोर्टची पानं, दहावीची मार्क्सकार्डं, कुणाच्या वडिलांचं बँक स्टेटमेंट, पांढऱ्या कागदावरची सही. एकाचं व्हॉट्सॲप वेब तर उघडंच राहिलं होतं. "पोरं गडबडीत असतात ओ, लॉगआउट कोण करतंय?" तो म्हणाला.

दोष त्याचा नाही. पण पासपोर्ट, आधार, सही आणि फोन नंबर एका जागी मिळाले की दुसऱ्याच्या नावावर सिम काढायचा प्रयत्न करायला ते पुरतं. आणि सिम हातात आलं की बँकेचा ओटीपीही हातात येतो. म्हणून दुकानात जाताना पेनड्राइव्हवर त्या दिवशी छापायच्या फाइलीच न्याव्यात, सगळी फाइल नव्हे. व्हॉट्सॲपवरून छापावंच लागलं, तर दुकानातून बाहेर पडायच्या आधी फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तो संगणक काढून टाकावा, आणि डाउनलोडमधली फाइल पुसून रिसायकल बिनही रिकामी करून घ्यावी. फक्त पुसलेली फाइल बिनमध्ये जशीच्या तशी पडून असते.

आधारची ई-प्रत पासवर्डनं बंद असते, म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव आणि जन्मवर्ष त्याच फाइलीतल्या मार्क्सकार्डावर छापलेलं असतं. जिथं चालेल तिथं 'मास्क्ड' आधार द्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. आणि प्रत्येक झेरॉक्सवर मजकुराच्या आडवं लिहावं: "केवळ शिक्षणकर्जासाठी", बँकेचं नाव, तारीख. जुनी सवय आहे ही, आपल्या आजोबांना होती. ती परत आणायला हवी.

याच दुकानात सीमाभागाची खास अडचण भेटली. शाळेच्या दाखल्यावर नाव कन्नडमधून इंग्रजीत आलेलं, घरी ते मराठीत बोललेलं, आणि पासपोर्टवर एजंटनं टाइप केलेलं. एकाच मुलाचं आडनाव तीन कागदांवर तीन स्पेलिंगांत. कर्नाटकातल्या पद्धतीनं कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, कुठे पूर्ण नाव. भारतात हे खपून जातं. परदेशी बँकेत मात्र पैसे पाठवताना लाभार्थ्याचं नाव जुळलं नाही की रक्कम काही दिवस अडकून परत येते, आणि परत येताना दुसऱ्या दराने रुपये होतात. तो तोटा कुणी भरून देत नाही. पासपोर्टवर जे आहे तेच प्रमाण मानावं, आणि प्रवेशपत्र, फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून न्यायचं कार्ड), विमा, विमानाचं तिकीट सगळं त्या अक्षरांशी ताडून बघावं. पासपोर्टच चुकला असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा, बाकीचं त्यानंतर.

संध्याकाळी पाऊस थांबला. बेळगावात येऊन कुंदा खाल्ला नाही असं होत नाही. आटवलेल्या दुधाचा तो तांबूस रंग आणि दाणेदार पोत दुसरीकडे जमत नाही. एका घरी लग्नाच्या बोलण्यांसाठी मांडेही केले होते, त्यातला एक आमच्या वाट्याला आला. कागदासारखा पातळ, हातात घेताच मोडला.

दिवस दुसरा : खानापूर आणि जांबोटी

रात्रभर पाऊस. खानापूरला पोचेपर्यंत बसच्या काचेतून काही दिसत नव्हतं. खानापूर म्हणजे कौलं, ही जुनी ओळख अजून घरांवर दिसते. मलप्रभा पुलाखालून लाल होऊन चालली होती. एका घराच्या पडवीत अकरा मुलं जमली होती, बहुतेक जर्मनीला निघालेली, दोघी इंग्लंडला.

जेवण आधी, असं घरच्या काकूंनी ठरवलं. भात, कुळथाची आमटी, आणि सकाळीच रानातून आलेली अळंबी. ओलं खोबरं आणि तिखट घालून केलेली ही भाजी वर्षात मोजक्याच दिवसांत मिळते. त्या दिवसांत जांबोटीच्या रस्त्यावर पानात बांधून विकायला बसतात.

मग मुख्य प्रश्न. अकरापैकी सात जणांच्या बँक खात्याला नोंदलेला नंबर वडिलांचा होता. खातं मुलाचं, कर्ज मुलाच्या नावावर, कार्ड मुलाच्या खिशात जाणार, आणि ओटीपी येणार वडिलांच्या फोनवर. "काय होतंय त्याला? फोन करून सांगतो की आकडा," एका वडिलांनी विचारलं. उत्तर दुपारी मिळालं. त्यांच्याच गावी, जांबोटीच्या पुढे, जायला निघालो. जंगल सुरू झालं आणि फोनवरची रेघ गेली. दीड तासात एकदाही नेटवर्क नाही. परत मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा त्यांच्या फोनवर एकामागून एक एसएमएस येऊन आदळले, त्यात सकाळचा एक ओटीपीही होता. ओटीपी काही मिनिटांतच मरतो. मुलगा स्टुटगार्टमध्ये घराची अनामत भरायला बसलेला असेल आणि वडील भाताच्या खाचरात असतील, तर व्यवहार होणार नाही. त्यातून वाईट म्हणजे फोनवर ओटीपी सांगायची घरात सवय लागते. उद्या तिसऱ्यानंच विचारला तरी तोंडातून जातो.

ज्याचं खातं, त्याचा नंबर. मुलाच्या खात्याला मुलाचा नंबर, आणि तो भारतीय नंबर त्याच्याबरोबर परदेशी जिवंत राहिला पाहिजे. त्यासाठी निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी बँकेच्या शाखेत जाऊन नंबर बदलून घ्यावा. फोनमध्ये सोय असेल तर भारतीय सिमचं ई-सिम (कार्डाविना, फोनमध्येच साठवलेलं सिम) करावं, म्हणजे सिमची खाच तिथल्या सिमसाठी मोकळी राहते. हे काम कंपनीच्या दुकानात किंवा तिच्या अधिकृत ॲपमधूनच. कुणी फोन करून "ई-सिम करून देतो, हा क्यूआर स्कॅन करा, आलेला एसएमएस पुढे पाठवा" म्हणाला तर तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये गेला म्हणून समजा. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. हा सरकारी नियम चोरी रोखण्यासाठीच आहे, पण विमानाच्या आदल्या दिवशी ई-सिम करणारा मुलगा त्यात अडकतो. यूपीआयचंही तसंच. नवा फोन घ्यायचा असेल तर इथंच घेऊन ॲप सुरू करून जावं, कारण नोंदणीच्या वेळी ॲप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि परदेशातून तो बऱ्याचदा अडकतो.

तिथं गेल्यावर भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद, पण इंटरनॅशनल रोमिंगची सेवा चालू, असं हवं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं फोनच्या सेटिंगमध्ये, दुसरं कंपनीकडे. सेवा चालू नसेल तर एसएमएसच येत नाही. डेटा बंद केला नसेल तर फोन आपोआप अपडेट ओढतो आणि मोठं बिल येतं. रिचार्ज संपू द्यायचं नाही. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

जांबोटीच्या जंगलातच एक चांगली गोष्ट दाखवता आली. एका मुलीच्या फोनमध्ये ऑथेंटिकेटर ॲप होतं. नेटवर्क शून्य असताना त्यात दर ३० सेकंदांनी नवा आकडा येत होता. हा आकडा कुठून पाठवला जात नाही. पहिल्यांदा जोडताना साठवलेलं गुपित आणि फोनचं घड्याळ यांच्यावरून तो फोनमध्येच तयार होतो. म्हणून घड्याळ 'ऑटोमॅटिक'वर हवं, काही मिनिटं पुढेमागे झालं की आकडा नाकारला जातो. ईमेल, विद्यापीठाचं खातं, फायलींचा साठा जिथं जिथं हा पर्याय मिळेल तिथं एसएमएसऐवजी हाच घ्यावा. गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशनखाली 'बॅकअप कोड' मिळतात, आठ आकड्यांचे दहा, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून एक प्रत सुटकेसमध्ये, एक घरच्या कपाटात. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नये. फोन हरवल्यावरच तर ते लागतात.

दिवस तिसरा : संकेश्वर, निपाणी

संकेश्वरला चहापुरतंच थांबलो. बाजारातून लाल मिरची मात्र घेतली, तिचा ठसका पिशवीतूनही जाणवत होता. हायवेनं तवंदी घाट उतरून निपाणीत. इथं गोदामांच्या गल्लीत तंबाखूचा उग्र वास भिंतींत मुरलेला आहे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी जुनी माणसं अजून काढतात. भाव कुठे मारला जातो, हे या गावाला शिकवावं लागत नाही.

ज्यांच्या घरी उतरलो त्यांची मुलगी जर्मनीला निघालेली. त्या व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ठेवावे लागतात. तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो हातात येतात. मामा वही घेऊनच बसले होते. त्यांना तीन ठिकाणांहून तीन दर मिळाले होते, आणि ज्यानं "आमचा चार्ज शून्य" असं सांगितलं होतं तिथं ते झुकले होते. आम्ही वहीत एकच गुणाकार केला. दरात युरोमागे एक रुपया जास्त घेतला, तर ११,९०४ रुपये गेले. एवढ्या रकमेच्या चलनबदलावर जीएसटी पडतो तो साधारण हजार रुपये. म्हणजे ज्यावर सगळे भांडतात तो चार्ज लहान, आणि ज्याकडे कुणी बघत नाही तो दर मोठा. मामा हसले. "म्हणजे भाव चांगला सांगतंय आणि काट्यात मारतंय म्हणा की."

तीनही ठिकाणी एकाच तासात फोन करून एकच प्रश्न विचारायचा: तिकडे पूर्ण ११,९०४ युरो पोचायला माझ्या खात्यातून सगळं धरून किती रुपये जाणार? बँकेच्या शाखेत मोठ्या रकमेसाठी खास दर मागता येतो, आणि मागितला तर बऱ्याचदा मिळतो. पाठवताना चार्जेसच्या रकान्यात 'अवर' निवडायचं, म्हणजे वाटेतल्या बँकांचा खर्च पाठवणाऱ्याकडून जातो. 'शेअर्ड' निवडलं तर मधली बँक तिचा वाटा कापून घेते, खात्यात चौदा-पंधरा युरो कमी पडतात, आणि तेवढ्यावरून रक्कम पूर्ण भरल्याचं पत्र अडतं. पुन्हा पंधरा युरो पाठवायचे म्हणजे पुन्हा पूर्ण ट्रान्स्फरचा खर्च.

टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक जो कर घेते त्याचा, हिशोबही झाला. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस नाही. आधी ही मर्यादा ७ लाख होती. मान्य संस्थेच्या शिक्षणकर्जातून पैसे गेले तर त्यावर १० लाखांच्या पुढेही नाही. स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवले तर १० लाखांवरच्या भागावर २०२५-२६ मध्ये ५ टक्के होता. पण कारणाचा कोड चुकला तर २० टक्के. शिक्षणासाठीच्या प्रवासाचा कोड एस ०३०५. नातेवाइकांच्या निर्वाहाचा वेगळा. त्या दरानं १४ लाख पाठवायचे असतील तर बरोबर कोडला २० हजार, चुकीच्याला ८० हजार. दोन्ही रकमा विवरणपत्र भरल्यावर करात वळत्या होतात किंवा परत मिळतात, पण तोपर्यंत अडकून राहतात. ही मर्यादा माणसागणिक असते. वडील आणि आई दोघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर पाठवले तर बऱ्याच घरांत टीसीएसचा प्रश्नच येत नाही. परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरताना कोड स्वतः वाचावा, काउंटरवर सोडू नये.

रात्री जेवताना (जोंधळ्याची भाकरी, झुणका, सकाळच्या मिरचीचा खर्डा आणि वर घट्ट दही) शेजारचे एक गृहस्थ आले. त्यांचा मुलगा इंग्लंडात. तो पार्टटाइम कामातले पौंड एका ओळखीच्या मुलाला तिथंच देई, आणि त्या मुलाचे 'काका' इथं यांच्या खात्यात रुपये भरत. दर बँकेपेक्षा चांगला, चार्ज नाही. तिसऱ्या वेळी जमा झालेले रुपये दुसऱ्या राज्यात कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले, आणि यांच्या खात्यातली रक्कम गोठवली गेली. तंबाखूची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसेही त्याच खात्यात. दीड महिना झाला होता.

ही अदलाबदल विद्यार्थ्यांमध्ये फार चालते, आणि यात कुणी वाईट हेतूनं पडत नाही, म्हणूनच आम्हाला तिची सर्वांत जास्त काळजी वाटते. उलट दिशेनंही तेच होतं. अनोळखी माणसाचे पौंड मुलाच्या खात्यात आले आणि ते चोरीचे निघाले, तर तिथली बँक खातं बंद करते आणि फसवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या सायफास या संस्थेकडे त्याचं नाव ६ वर्षं राहू शकतं. मग नवं खातं नाही, मोबाइलचा करार नाही, भाड्याचं घर मिळणंही अवघड. "फी मी भरतो, दहा टक्के सूट देतो, तुम्ही मला रुपये द्या" हाही त्याच वळणाचा प्रकार. फी भरली जाते ती चोरलेल्या कार्डानं. पावती खरी दिसते. काही आठवड्यांनी कार्डाचा मालक तक्रार करतो, विद्यापीठाकडून पैसे परत जातात, आणि मुलाची फी पुन्हा बाकी दिसू लागते. फी भरायची ती विद्यापीठाच्या पोर्टलवर लॉगिन करून, तिथं दिसणाऱ्या मार्गानेच.

त्या गृहस्थांना बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या पोलीस ठाण्याची नोंद आहे ते लेखी मागायला सांगितलं. मुलाच्या पगाराच्या स्लिपा, देणाऱ्याशी झालेले संदेश, बँक स्टेटमेंट हे सगळं जोडून त्या ठाण्याला अर्ज, आणि निदान वादाची रक्कम सोडून बाकी खातं खुलं करायची विनंती. वेळ लागतो, पण वाट हीच.

दिवस चौथा : चिकोडीवरून अथणी

चिकोडी सोडली आणि पाऊस मागे राहिला. कृष्णेवरचा पूल ओलांडताना मात्र नदी दोन्ही काठ भरून. वरच्या घाटातलं पाणी, इथं थेंब नाही. दोन्हीकडे ऊस, मग हळूहळू मका.

अथणीत चामड्याचं काम बघायला मिळालं. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, आणि इथले कारागीर अजून हातानं वेणी घालतात. एका कारागिराचा मुलगा डिप्लोमा झालेला. त्याला टेलिग्रामवर 'थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, राहणं-खाणं फुकट' असं बोलावणं आलं होतं. व्हिसा पर्यटकाचा, मुलाखत चॅटवरच. अशा बोलावण्यांतून तरुणांना म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेऊन पासपोर्ट काढून घेतल्याचे प्रकार झाले आहेत, आणि परराष्ट्र मंत्रालयानं त्याबद्दल वेळोवेळी सावध केलं आहे. नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे तिथंच शोधून दिसतं. नोंदलेल्या एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. मुलानं तिथल्या तिथं शोधलं. नाव नव्हतं. वडिलांनी हातातली आरी खाली ठेवली, बराच वेळ बोलले नाहीत.

दुपारी शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं, कडक भाकरी. ज्यांच्याकडे जेवलो त्यांची नात इंग्लंडात. मागच्या महिन्यात या घरी व्हिडिओ कॉल आला होता. समोर गणवेशातला माणूस, हिंदीत: तुमच्या नातीला पकडलंय, कॉल बंद करू नका, कुणाला सांगू नका. फोन आजीनं उचललेला. आजीला हिंदी येत नाही. "काय बोलतंय कळंना, ठेवून दिलं," असं त्या सांगत होत्या. पुन्हा कॉल आला तो सूनबाईंनी घेतला. त्यांना हिंदी येतं, आणि त्या बँकेत निघाल्याही होत्या. नातीचा मेसेज आला म्हणून थांबल्या.

सीमाभागातल्या घरात बँकेचा एसएमएस इंग्रजीत येतो, शाखेतला फॉर्म कन्नडमध्ये, आणि फसवणारा बोलतो हिंदीत. घरात मराठी. "हा आकडा कुणाला सांगू नका" ही सूचना जिला सर्वांत गरज आहे तिच्या भाषेत येतच नाही. म्हणून ती घरातल्यांनीच तिच्या भाषेत सांगून ठेवायला हवी. 'डिजिटल अरेस्ट' असा कायदाच नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून हे सांगितलं. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही आणि पैसे भरून सुटकाही होत नाही.

आता आवाजाची नक्कलही होते, त्यामुळे आवाज ओळखला एवढ्यावर विसंबता येत नाही. त्या घरी एक शब्द ठरवला. संकटाचा फोन आला की आधी तो शब्द विचारायचा. वाढदिवस, गाव, कुलदैवत नको, ते फेसबुकवर सापडतं. आजीनं एका जुन्या शेताचं घरगुती नाव सुचवलं. ते शेत विकून तीस वर्षं झाली, कागदावर ते नाव कधीच नव्हतं. नातीला व्हिडिओवर विचारलं तर तिला ते माहीत होतं. आजीला फार आनंद झाला.

नातीकडून दोन उपयोगी गोष्टी कळल्या, त्या इथं देतो. घर शोधताना तिला एक फ्लॅट स्वस्त दिसला, मालक "सध्या परदेशात", अनामत पाठवली की किल्ली कुरिअरनं. तिनं पाठवली नाही. इंग्लंडात बहुतेक भाडेकरारांत घर धरून ठेवायची रक्कम एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, अनामत पाच आठवड्यांहून जास्त नाही, आणि ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावी लागते. जास्त मागणारा एकतर नियम मोडतोय किंवा घर त्याचं नाहीच. जर्मनीत अनामतीची मर्यादा मूळ भाड्याच्या तीन महिन्यांची आहे. पहिले दोन-तीन आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा ओळखीच्यांकडे काढून, घर पायांनी बघून मगच पैसे द्यावेत.

दुसरी गोष्ट कार्डाची. दुकानात मशीन विचारतं, रुपयांत की पौंडांत? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून हात तिकडे जातो. तसं केलं की रूपांतर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा तिच्या दरानं करते, आणि तो दर जवळजवळ नेहमीच महाग. दर वेळी स्थानिक चलनच निवडायचं. भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाचा मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, बहुधा ३.५ टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. एक लाखावर ४,१३० रुपये. फॉरेक्स कार्डात तेच चलन भरलेलं असेल तर हा मार्कअप पडत नाही. युरोच्या कार्डानं पौंडात खर्च केला तर मात्र चलनबदलाचा खर्च लागतो. रोख परकीय नोटा दर फेरीला ३,००० डॉलरइतक्याच नेता येतात. तेवढ्याही लागत नाहीत, पहिल्या आठवड्यापुरते दोन-तीनशे पुरे.

दिवस पाचवा : गोकाकवरून बेळगाव, वडगाव

गोकाकला करदंट घेतला. डिंक, सुका मेवा आणि गुळाचा हा पदार्थ परदेशी जाणाऱ्या बॅगेत महिनाभर टिकतो. धबधबा तुडुंब होता, पलीकडे बोललेलं ऐकू येत नव्हतं. बेळगाव जवळ आलं तशी छत्री पुन्हा उघडली.

शेवटचं घर वडगावातलं. मागे यंत्रमागाची खडखड, पुढच्या खोलीत मुलगा बॅग भरत होता, आठ दिवसांनी विमान. त्याच्यासोबत फोन हरवल्याची रंगीत तालीम केली. फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, आता काय? पहिल्यांदा तो गडबडला. जीमेलचा पासवर्ड फोनमध्ये, दुसरा टप्पा फोनमध्ये, आईचा नंबरही पाठ नाही.

मग तासभर बसून काम झालं. स्टार-हॅश-०६-हॅश डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख-आकडा, कागदावर. भारतात फोन हरवला तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो आकडा ब्लॉक करता येतो. परदेशात तिथल्या पोलिसांना आणि विमा कंपनीला तोच लागतो. बॅकअप कोड छापले. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावला, मुलाच्याही आणि आईच्याही. सिमला पिन लावला, म्हणजे चोरानं सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं तरी ओटीपी वाचता येत नाही; पण हा पिन तीनदा चुकला की सिम पुन्हा उघडायला पीयूके हा कोड लागतो, तो कंपनीकडून आधीच घेऊन ठेवला. आईच्या फोनवर स्टार-हॅश-२१-हॅश करून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना ते बघितलं. वळवलेले आढळले तर हॅश-हॅश-००२-हॅशनं सगळं रद्द होतं. कुरिअरवाल्याच्या नावानं फोन करून एक कोड डायल करायला लावतात ते यासाठीच. मग व्हॉट्सॲपचा कोड आवाजी कॉलनं मागवतात आणि तो कॉल त्यांच्याकडे जातो.

विमानतळावरच्या वायफायबद्दल मुलाला फार भीती होती. बँकेची ॲप्स आणि बहुतेक संकेतस्थळं आता सांकेतिक जोडणीवरच चालतात, शेजारी बसलेल्याला मजकूर वाचता येत नाही. खरा धोका त्या खोट्या पानाचा, जे "वायफायसाठी गुगल पासवर्ड टाका" म्हणतं. पासवर्ड मागणारं वायफाय सोडून द्यायचं. ब्राउझरनं सर्टिफिकेटचा इशारा दिला तर पुढे जायचं नाही. फुकटचं व्हीपीएन तर नकोच, आपली सगळी ये-जा एका अनोळखी कंपनीच्या हातात देण्याचा तो प्रकार. बँकेचं काम स्वतःच्या डेटावर करावं. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'नं संपणाऱ्या पत्त्यावर यायला सांगितलं होतं, त्यामुळे खरा पत्ता ओळखणं सोपं जातं.

बँकेत आणखी एक काम उरलं होतं. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली अनिवासी धरला जातो, म्हणून साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. न सांगता तसंच चालवलं तर पुढे केवायसीच्या वेळी खातं अडतं, आणि तेव्हा मुलगा शाखेत येऊ शकत नाही.

तिथं पोचल्यावरच्या बचतीचं एका कागदावर लिहून दिलं. जर्मनीत रेडिओ-टीव्हीचं शुल्क महिन्याला १८.३६ युरो, पण ते माणशी नसून घराला एकच असतं; चौघं राहत असतील तर एकानं भरून वाटून घ्यायचं, पत्र मात्र चौघांनाही येतं, त्याला घराच्या नोंदीचा क्रमांक कळवायचा. देशभर चालणारं मासिक प्रवासाचं तिकीट २०२५ मध्ये ५८ युरोचं होतं, विद्यापीठाच्या शुल्कात सवलतीनं मिळत असेल तर वेगळं काढायचं नाही. आणि ते वर्गणीचं असतं, रद्द करायची तारीख चुकली की पुढच्या महिन्याचेही पैसे जातात.

राहिला शेवटचा प्रश्न, आईचा. पैसे गेलेच तर काय करायचं? १९३० वर लगेच फोन, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. हा छोटा नंबर भारतातला आहे, परदेशी बसलेल्या मुलाला तो लावणं अवघड, म्हणून तो आईनं लावायचा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम, बँकेचं नाव मुलानं तिला लिहून पाठवायचं.

त्यांनी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दुधाच्या हिशोबाच्या रेघा होत्या, मागाच्या सुताची तारीख होती. मुलाच्या रिचार्जची मुदत विचारून घेतली, तिच्या चार दिवस आधीच्या चौकोनात निळ्या पेननं त्याचं नाव लिहिलं, आणि पानं उलटत पुढच्या प्रत्येक महिन्यात ते लिहीत गेल्या, डिसेंबर संपेपर्यंत.